नावेच्या पोटातले वाफे

ज्येष्ठ लागला की पिंप्राळ्यातल्या आमच्या कॉलनीत माणसं गच्च्यांवर चढतात. खाली दगडांच्या चुलीवर डांबराचा डबा उकळत असतो, वर कुणीतरी वाकून भेगा शोधत असतं आणि गल्लीभर तो काळा, चिकट वास सुटतो. शेजारणी खिडक्या लावून घेतात. मी उघडते. मला त्या वासानं खोकला येत नाही, मला तापी दिसते.

यंदा आमच्याही घरात ओल धरली आहे, मुलाच्या खोलीच्या कोपऱ्यात. त्यानं गळती बंद करणारा माणूस बोलावला. तो आला, ओलीवर टिचकी मारली आणि म्हणाला, इथलं प्लास्टर काढू. मी विचारलं, बाबा, ओल इथं दिसते म्हणून पाणी इथूनच येतं, हे तुला कुणी सांगितलं? तो माझ्याकडे बघून हसला. म्हातारी माणसं बोलतातच, अशा अर्थाचं ते हसणं. हसू दे बापडा. स्वयंपाकात माझ्या चुका काढा, विणकामात काढा, मी ऐकून घेईन. गळती शोधण्यात मात्र मी कुणाला हार जात नाही. फुशारकी म्हणून सांगत नाही, खरं आहे म्हणून सांगते.

साठच्या दशकातली मधली वर्षं असतील. धरणगावच्या वरच्या अंगाला, तापीच्या काठी माझं सासर. जवळपास पूल नव्हता. उन्हाळ्यात माणसं गुडघाभर पाण्यातून पलीकडे जायची, वाळूत टरबुजाच्या वाड्या पिकायच्या. पावसाळा लागला की नदी दोन्ही काठ भरून वाहायची आणि मग चार महिने पैलतीराला जायला एकच साधन, आमची नाव. आमची म्हणजे माझ्या सासऱ्यांची. सारा गाव त्यांना आबा म्हणायचा. ती नाव त्यांनी ऐन तारुण्यात बांधून घेतली होती. तिला शीड होतं, आणि ते शोभेला नव्हतं. पुरात बांबू तळाला टेकत नाही. प्रवाह नावेला पश्चिमेकडे ओढून नेतो आणि पावसाळी वारा नेमका पश्चिमेकडून येतो. शीड उभारलं की वारा नावेला परत वर ढकलतो आणि नाव समोरच्या घाटाला बरोबर लागते. शिडाशिवाय ती कुठं जाऊन लागेल याचा नेम नाही. हे मला आबांनी नाही, माझ्या नवऱ्यानं सांगितलं, कारण आबा माझ्याशी बोलत नसत.

रागानं नव्हे हो. रीतच तशी होती. सुनेनं सासऱ्यासमोर पदर पुढे ओढायचा आणि तोंड उघडायचं नाही. आबांना जेवायला बोलवायचं तर मी चुलीकडे बघून म्हणायचे, भाकरी झाली. ते भिंतीकडे बघून म्हणायचे, येतो. चूल आणि भिंत यांचं आमच्या घरात फार छान जमायचं. मला या रीतीचा मनापासून राग यायचा. माझ्या माहेरी, फैजपूरकडे, मी वडिलांबरोबर केळीच्या बागेत पाणी भरायला जायचे. तिथं गप्प राहून कसं चालेल? पाट फुटला की एका टोकावरून दुसऱ्या टोकाला ओरडूनच सांगावं लागतं.

आबांना मुलगी एकच, सुमन. तिच्यासाठी चांगली चांगली स्थळं आली होती, धुळ्याचंही एक होतं. पण आबांनी तिला दिलं ते समोरच्या काठावर, नदीपलीकडच्या गावात. नाव आहे तोवर पोर लांब नाही, हा त्यांचा हिशोब. दिवेलागणीला ते घाटावर उभे राहून पैलतीराकडे बघायचे. काही दिसायचं नाही तिथून, एखादा दिवा लुकलुकला तर लुकलुकला. पण बघायचे.

लग्नानंतरच्या पहिल्या आखाजीला सुमन माहेरी आली. आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया, आमच्या खान्देशात लेकीबाळींचा सण. खापरावरचे मांडे, आमरस, गाणी आणि झोके. घाटावरच्या ज्या निंबाला दरवर्षी झोका बांधायचे तो आदल्या वर्षीच्या पुरात वाहून गेला होता. सुमन एवढंच म्हणाली की यंदा झोका नाही का. तेवढं पुरलं. नाव होळीनंतर काठावर ओढून ठेवलेली असायची, नाकाड घाटाकडे करून. आबांनी डोलकाठीपासून समोरच्या बाभळीच्या दुबेळक्यापर्यंत एक जाड बल्ली आडवी बांधली, स्वतःच्या हातानं, आणि तिला झोका टांगला. एरवी त्या नावेला कुणी पाय लावला तरी त्यांचा जीव वरखाली व्हायचा. पण त्या आठवड्यात गावच्या साऱ्या पोरी त्यावर झुलल्या, मीही झुलले, आणि सुमन तर उतरायचंच नाव घेईना. आबा बाभळीखाली बसून बघत होते. त्यांना इतकं खूश मी पुन्हा फार कमी वेळा पाहिलं.

मग सुमन सासरी गेली, झोका सुटला आणि ज्येष्ठात नाव पाण्यात उतरवली.

नावेची डागडुजी दरसाल चैत्रात व्हायची. ती नाना सुतारांची. नाना म्हणजे आबांचे बालमित्र, बोलायला तुटक आणि हाताला पक्के. कापसाच्या लांब वाती वळायच्या, तेलात आणि राळेत भिजवायच्या, फळ्यांच्या सांध्यांत छिन्नीनं ठोकून बसवायच्या आणि वरून डांबर. आमच्याकडे कापसाला काय तोटा? नव्या कापसातला लांब धाग्याचा निवडून नानांसाठी वेगळा ठेवलेला असे. नाव पाण्यात गेली की सुरुवातीला थोडं पाझरणारच, उन्हात वाळलेलं लाकूड पाणी पिऊन फुगलं की आपोआप बंद होतं. म्हणून पहिल्यांदा पाणी दिसलं तेव्हा कुणी मनावर घेतलं नाही. लाकूड फुगेल, थांबेल.

लाकूड फुगलं. पाणी थांबलं नाही.

आणि त्या पाण्याची तऱ्हाच वेगळी. नाव डोहात बांधून ठेवली की तळ ठणठणीत कोरडा. दगडांचं ओझं भरलं, तरी कोरडा. डोह ओलांडून पलीकडे जाऊन आलं की मागच्या बाजूला, सुकाणूपाशी, घोटाभर पाणी. डब्यांनी उपसायचं, बघायचं, बंद. पुन्हा जाऊन यायचं, पुन्हा घोटाभर. माणसं काहीबाही बोलायला लागली. कुणी म्हणे नदीनं नाव मागितली आहे, कुणी म्हणे नारळ आधी फोडायला हवा होता. आबांनी मागच्या सांध्यांतला सगळा कापूस उपटून पुन्हा भरायला लावला. काही फरक नाही. मग नाव काठावर ओढली, बाहेरून तिला कोरडी राख फासली आणि आत घागरींनी पाणी ओतलं. फट असेल तिथून पाणी बाहेर येईल आणि राख भिजेल. युक्ती चांगली होती. राखेवर एक थेंब उमटला नाही.

त्या दिवशी आबांचं डोकं फिरलं. घाटावर माणसं जमली होती. सगळ्यांसमोर ते नानांना बोलले की तू या वर्षी हातचं राखून काम केलंस, सडका कापूस भरलास. नानांनी छिन्नी आणि हातोडी पिशवीत टाकली, पिशवी खांद्याला लावली आणि निघून गेले. इतक्या वर्षांच्या मैत्रीत असं कधी झालं नव्हतं. घरी येऊन आबांनी भिंतीला सांगितलं की मिरगाच्या आत पाणी थांबलं तर ठीक, नाहीतर नाव फोडायची. लाकडं होळीला द्यायची. माणसं बसवून बुडवण्यापेक्षा ते बरं.

आम्हाला सगळ्यांना कळत होतं की नाव फोडली तर नवी बांधण्याचं आबांचं वय राहिलेलं नाही. आणि समोरचा काठ पावसाळ्यात त्यांच्यापुरता मिटला. सुमन श्रावणात राखीला यायची होती. ते जेवताना घास हातात धरून नुसते बसून राहायचे. मला ते बघवेना.

आता माझं सांगते. केळीला पाणी देताना पाटाला उंदरांची बिळं लागतात. पाणी एका बिळात शिरतं, जमिनीखालून चालतं आणि भलतीकडेच वर येतं. नवखा माणूस पाणी वर आलं तिथं माती टाकतो आणि दिवसभर टाकतच राहतो. वडील मला पाटात ठिकठिकाणी मातीचे आडवे बांध घालायला लावायचे. मग कुठल्या टप्प्यातलं पाणी उतरतंय ते आपोआप कळायचं. मी एक दिवस नवऱ्याला सहज विचारलं की वल्ही मारून गेलात तरी नावेत पाणी येतं का? ते विचारात पडले. म्हणाले, कालच वारा पडला होता, वल्ह्यांनी आलो. नव्हतं आलं बुवा फारसं.

झालं. माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. शीड उभारल्यावरच पाणी येतं, आणि नाव मागच्या बाजूला जड म्हणून ते वाहत जाऊन मागं साठतं. सगळे सुकाणूपाशी शोधत बसलेत. मी चुलीकडे बघून, पण चांगलं मोठ्यानं म्हटलं की नावेच्या तळात वाफे करा. आडव्या लाकडांच्या मधे काळ्या मातीचे बांध घाला, प्रत्येक कप्पा वेगळा करा, वर कोरडी राख भुरभुरवा आणि मग शीड लावून चला. जो वाफा आधी भिजेल तिथं खोट. आबांनी जेवण थांबवलं. मग भिंतीला म्हणाले की उद्या माती कालवून ठेवा.

माती मीच कालवली. बांध मीच घातले. त्यात एक अडचण निघाली. नावेच्या पुढच्या टोकावर फळ्यांचं छत ठोकलेलं होतं आणि डोलकाठी त्या छतातून खाली तळात उतरलेली. तिथले वाफे बघायचे तर छताखाली पोटावर सरपटत जावं लागणार. माझे पती आडव्या बांध्याचे, आबांचे गुडघे धरलेले. मी तेव्हा काडीसारखी होते. पण हंगामाचा नारळ फुटायच्या आधी बाईमाणसानं चालत्या नावेत बसायचं नाही, असा आबांच्या घराण्याचा नेम. मी काठावर उभी राहिले, पदर खोचलेला, कोपरापर्यंत चिखल. आबांनी एकदा नावेकडे बघितलं, एकदा पैलतीराकडे, आणि हातानं खूण केली, चढ.

छताखाली भट्टीसारखं उकडत होतं. राळेचा, जुन्या कापसाचा, नदीच्या शेवाळाचा वास नाकात भरला होता. पुढ्यात राखेनं पांढरे झालेले माझे वाफे, फळ्यांच्या फटीतून येणाऱ्या उन्हाच्या रेघा आणि डोलकाठीचा बुंधा, तळातल्या खोबणीत बसवलेला. नवऱ्यानं शीड ओढलं. वारा चांगला होता. नाव हलकेच कलली आणि चालू लागली. माझ्या अंगाखाली एका फळीच्या अंतरावर तापी खळखळत होती. मला भीती वाटली का? वाटली असेल. आठवते ती फक्त घाई. आज सापडलंच पाहिजे, एवढं एकच डोक्यात.

मी तळवा डोलकाठीच्या बुंध्यावर ठेवला. वाऱ्याचा झोत आला आणि तो बुंधा माझ्या हाताखाली हलला. पडायला आलेला दात जिभेनं हलतो, तेवढाच. आणि त्याच क्षणी खोबणीच्या कडेला राखेत एक काळी रेघ उमटली. रेघेतून पाण्याचा दोरा आला. वारा ढिला पडला की रेघ मिटायची, वारा भरला की उघडायची.

तेव्हा पदर कुठं होता आणि रीत कुठं होती, मला खरंच ठाऊक नाही. मी आतून ओरडले, "आबा, शीड उतरवा!"

आयुष्यात पहिल्यांदा मी त्यांच्याशी थेट बोलले, आणि बोलले ते हुकूम केल्यासारखं. मग दोर सरसरले, शीड खाली आलं. पाणी थांबलं. मी म्हटलं, आबा, आता चढवा. चढवलं. पाण्याचा दोरा पुन्हा सुरू. पुन्हा उतरवायला लावलं, पुन्हा चढवायला लावलं. एकदा खात्री झाली होती, तरी केलं, कारण मला त्यांना अजून एक हुकूम सोडायचा होता. खोटं कशाला बोलू?

काठाला लागल्यावर छताच्या फळ्या उचकटल्या आणि आबा स्वतः खाली वाकले. खोबणी झिजली होती. पण शिडाच्या ओढीनं झिजते तशी पुढेमागे नाही, डावीउजवीकडे झिजली होती. बुंधा तिथं हलत राहून खालच्या फळीचा सांधा मोकळा झाला होता. नाव जमिनीवर असो की डोहात बांधलेली असो, सांधा मिटलेला. राखेला तरी कसा दिसणार? आबांनी खोबणीच्या कडांवरून बोट फिरवलं. मग उभे राहून डोलकाठीकडे वर बघितलं. पुरुषभर उंचीच्या वर दोराचा करकोचा होता, ताजा, गोल. आखाजीच्या बल्लीचा. डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे, दिवसभर. आम्ही सगळ्या पोरी.

आबांनी त्या करकोच्यावर हात ठेवला आणि तसेच उभे राहिले. ज्या पोरीसाठी ही नाव जपली, तिच्याचसाठी बांधलेल्या झोक्यानं नाव उसवली होती. कुणाला बोल लावणार? लेकीच्या हौसेला? बापाच्या मायेला? मला त्या वेळी त्यांची फार दया आली आणि त्यांच्याबद्दल फार प्रेमही वाटलं. इतका कडक माणूस, आणि एका झोक्यापायी एवढं विसरला.

आबा तसेच, ओल्या धोतरानं, नानांच्या दारात गेले. आम्ही मागोमाग. नाना ओट्यावर पेरणीची पाभर दुरुस्त करत बसले होते, मान वर केली नाही. घाटावर ज्या माणसांसमोर बोलले होते त्यांतली निम्मी तिथं गोळा झाली. आबा त्यांच्यादेखत म्हणाले, "नाना, काम तुनं बरोबर व्हतं. झोका मी बांधेल व्हता."

नानांनी हातातलं काम बाजूला ठेवलं. त्यांनी कारण विचारलं नाही, की मागचं काही काढलं नाही. "चाल. हातोडी लेस मी," एवढंच म्हणाले.

मिरगाच्या आत नानांनी नवी खोबणी बसवली, नवी डोलकाठी उभी केली, खालचा सांधा नव्या कापसानं भरला. वाती मी वळल्या. पुराचं पाणी आलं, नारळ फुटला, नाव चालू लागली. श्रावणात सुमन राखीला आली तेव्हा पाऊस मी म्हणत होता आणि नदी पार लाल झाली होती. नाव घाटाला लागली. सुमन उतरली ती अंगभर भिजून, पण नावेचा तळ कोरडा होता. आबांनी आधी तळ बघितला, मग लेकीला.

हे सगळं मला परवा त्या ओल शोधणाऱ्या माणसाला सांगायचं होतं. पण तो घाईत होता आणि मुलाला माझ्या गोष्टी पाठ झाल्या आहेत. मग मी आपली रांगोळीची डबी घेतली, कोपऱ्यातल्या फरशीवर, भिंतीच्या कडेनं थेट न्हाणीघरापर्यंत पांढरी भुकटी टाकली आणि सुनेला म्हटलं, वरच्या मजल्यावरच्या बाईंना कपडे धुवायचं यंत्र लावायला सांग. अर्ध्या तासात कळलं. पाणी ओलीपासून चांगलं लांब, न्हाणीघराच्या भिंतीतून येत होतं. यंत्र सुरू असलं तरच. प्लास्टर वाचलं. सून माझ्याकडे बघत राहिली. ती माझ्याशी थेट बोलते, अगदी तोंडावर बोलते, कधी कधी जरा जास्तच. मला ते बरं वाटतं.

पण मला सांगायची आहे ती पुढच्या वर्षीची आखाजी. सुमन आली, पण तिला भावाकडून सगळं कळलं होतं. ती घाटाकडे फिरकेचना. पोरी बोलवायला आल्या तर म्हणाली, माझं डोकं दुखतं. आबांनी ते ऐकलं आणि तिला हाताला धरून घाटावर नेलं. मीही गेले. काठावर नाव उभी होती, तिच्या नव्या डोलकाठीला कुणी बोट लावलेलं नव्हतं. तिच्यापासून चांगली पाचसहा हात लांब, बाभळीसमोर, आबांनी आणि नानांनी जुनी डोलकाठी जमिनीत खोल पुरली होती, भोवती दगड ठोकून. तिच्यावर बल्ली, बल्लीला झोका.

सुमन तरी उभीच. मान खाली. म्हणाली, नको आबा.

आबा माझ्याकडे वळले. भिंतीकडे नाही, बाभळीकडे नाही, माझ्याकडे. "आठे ये," म्हणाले. "हात लाव. हालस का, दख."

मी सुमनला झोक्यावर बसवलं, एक हलका झोका दिला आणि वाकून त्या जुन्या डोलकाठीच्या बुंध्यावर तळवा ठेवला. तोच बुंधा. माझ्या हाताला त्याची ओळख होती. मी चांगला वेळ घेतला. आबा माझ्या तोंडाकडे बघत होते.

"नाही हालत, आबा," मी म्हटलं.

त्यांनी लेकीकडे बघितलं. "ऐकं? आते ले जोरमा."

सुमननं पायानं जमीन रेटली. झोका वर गेला, पार वर, जिथून वाळूच्या पलीकडे तिच्या सासरची झाडं दिसतात तिथपर्यंत, आणि ती लहान पोरीसारखी हसली. मी मात्र बुंध्यावरचा हात काढला नाही. शेजारी आबाही गुडघे दाबत खाली बसले आणि त्यांनी आपला तळवा माझ्या हाताशेजारी ठेवला.